पडून राहा म्हणू नका

प्रिय आई-बाबा,

आई, फोन ठेवताना तू दरवेळी म्हणतेस, "पडून राहा गं, दगदग नको." मागून बाबांचा दुजोरा. काळजी कळते, पण या एका बाबतीत मी तुमचं ऐकत नाहीये. लपवण्यापेक्षा लिहून टाकलेलं बरं.

कॅन्सरच्या केमोचा थकवा झोपून जात नाही. रात्रभर झोपूनही सकाळी दात घासताना हात भरून येतो. उलट पडून राहिलं की स्नायू झिजतात, मग जरा हललं तरी दम लागतो आणि माणूस आणखीच अंथरूण धरतो. म्हणून डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय. औषधांनी पायाची बोटं बधिर झालीत, चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही. त्यामुळे बूट घालूनच निघते. केमोनंतरचे पहिले काही दिवस बाथरूमपर्यंत जाणं हाच व्यायाम. तेव्हा कुणी "पॉझिटिव्ह राहा" म्हणालं की फोन फेकावासा वाटतो. ताप आला किंवा प्लेटलेट्स फार उतरल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करत नाही.

आता हाताचं. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका गाठी काढल्या की हात सुजायची भीती, म्हणून पूर्वी बायकांना वजन उचलूच देत नसत. 2009 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हात आधीच सुजलेल्या 141 बायकांपैकी निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत वजनं उचलली. सूज वाढली नाही, ताकद वाढली. माझी फिजिओ अर्ध्या किलोवरून पुढे जायला अजून तयार नाही. मी भिंतीवर बोटं चढवत नेते आणि पोचेन तिथे पेन्सिलीची खूण करते. भिंत पार खराब झालीय.

बाबा, व्यायामाने कॅन्सर बरा होतो का, असं तुम्ही विचारलंत. नाही, उपचाराला पर्याय नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या 889 रुग्णांचा अभ्यास 2025 मध्ये आला. केमोनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी सुमारे 90 टक्के हयात होते, नुसती माहितीपत्रकं दिलेल्यांपैकी 83. माझा कॅन्सर वेगळा, तेव्हा हे आकडे मला लावू नका.

तुम्ही आलात की आई, माझ्या हातातली प्रत्येक वस्तू काढून घेऊ नकोस. आणि बाबा, गुडघ्यांची सबब चालणार नाही, संध्याकाळी बरोबर यायचं. मी इतकी हळू चालते की तुम्हालाच माझ्यासाठी थांबावं लागेल.

तुमची लेक