वेतोबाच्या वहाणा झिजतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर सुपरहिरोंबद्दल लेख आला होता. त्यातल्या दोन गोष्टी खटकल्या म्हणून हे पत्र. सुपरमॅन १९३८ पासून आकाशात उडतो आहे असं त्यात म्हटलंय, ते बरोबर नाही. आणि शेवटी लिहिलंय की असल्या भाकडकथांत नियम शोधायला जाऊ नये. पहिली चूक कुणाच्याही हातून होईल. दुसरं वाक्य मात्र मनातून जाईना. मी पस्तीस वर्षं म्हापशात पुस्तकबांधणी केली, आणि आमच्या भागातल्या हौशी लोकांची कॉमिक्स बांधता बांधता वाचलीही.

जून १९३८ च्या पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नाही, उडी मारतो. एका उडीत साधारण २०० मीटर. आगगाडीला मागे टाकतो आणि तोफगोळा फुटल्याशिवाय त्याच्या कातडीला इजा होत नाही. बस, एवढंच. १९४१ च्या कार्टूनपटांत तो उडताना दिसला, लोकांना ते आवडलं आणि कॉमिक्समधला सुपरमॅनही उडू लागला. त्याला हतबल करणारा क्रिप्टोनाइट तर १९४३ मध्ये आधी रेडिओवर आला, कॉमिक्समध्ये यायला १९४९ उजाडलं. पिवळ्या सूर्यामुळे त्याला शक्ती मिळते हे कारण १९६० च्या सुमाराचं. बळ वाढत वाढत इतकं झालं की तो ग्रहसुद्धा ढकलू लागला, म्हणून १९८६ साली लेखक-चित्रकार जॉन बर्नने कथा नव्याने मांडताना ते मुद्दाम कमी केलं. मला ते पटलं. सगळंच करता येणाऱ्या माणसाची काळजी कशी वाटणार? मग लेखक काय करतात, एका अंकात त्याच्याकडून डोंगर उचलून घेतात आणि पुढच्या अंकात एखाद्या गुंडाकडून त्याला बेशुद्ध पाडतात. माझ्या भाचीचा मुलगा सहावीत आहे. परवा असंच एक पुस्तक माझ्यापुढे धरून म्हणाला, "आबा, काल हा भिंत फोडून आत आला, मग आज दाराला कुलूप आहे म्हणून बसून का राहिलाय?" या मुलाला मी काय सांगू, की भाकडकथा आहे, विचारू नकोस?

मी मूळचा पेडण्याचा. आमच्याकडे वेताळ म्हणजे देव. आमोणे, लोलये, पैंगीण, कुठे कुठे त्याची देवळं आहेत. आणि किरणपाण्याला नदी ओलांडून आरोंदा, शिरोडा करत गेलं की आरवलीचा वेतोबा. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा. रात्री देव गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा. सात-आठ वर्षांचा होतो तेव्हा आईने त्यातली एक वहाण मला उलटी करून दाखवली. टाचेकडचं कातडं घासून पातळ झालं होतं, कडेचा टाका उसवला होता. मी त्यावरून बोट फिरवून पाहिलं. देवाचीसुद्धा वहाण झिजते, मग नवा जोड लागतो, हे तेव्हा डोक्यात बसलं ते कायमचं.

त्याच दिवसांत इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ हाती आला. मूळचा ली फॉकचा फँटम, १९३६ पासूनचा. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ ते १९९० इंद्रजाल चालवलं. या वेताळाकडे जादूची शक्ती अशी काहीच नाही. जंगलातल्या लोकांना वाटतं हा चारशे वर्षं मेलेलाच नाही. वाचकाला मात्र ठाऊक असतं की बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, आणि आपण वाचतोय तो एकविसावा. मला आरवली आठवली. इथंही झिजणं होतं, आणि त्याचा हिशेब वाचकासमोर उघडा होता.

त्याच्याही कथेत मागे जाऊन बदल केलेले आहेत. त्याचं जंगल आधी आशियातलं, बंगालच्या बाजूचं होतं, पुढे ते आफ्रिकेत गेलं. इंद्रजालने तर बंगाला या त्याच्या देशाचं नाव डेंकाली केलं आणि सिंग चाच्यांना सिंगा केलं, आपल्याकडच्या वाचकाला लागू नये म्हणून. एका गिऱ्हाइकाची इंग्रजी पुस्तकं बांधायला आली तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून मी हे ताडून पाहिलं. राग आला नाही. कवटीच्या गुहेत प्रत्येक वेताळ घेतो त्या शपथेला कुणी हात लावला नव्हता.

चुकीतून चांगलं काही निघतं त्याचं उदाहरण हल्कचं, म्हणजे ब्रूस बॅनर नावाचा माणूस रागावला की ज्याच्यात बदलतो त्या राक्षसाचं. छपाईवाल्यांच्या शेजारात माझा जन्म गेला, त्यामुळे ही हकिगत मला फार जवळची. १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क करडा होता. करडा रंग छापखान्यात जमेना, एका पानावर फिकट तर दुसऱ्यावर काळपट. म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला. आता पुढचं बघा. १९८६ मध्ये लेखकांनी तो करडा हल्क परत आणला आणि हळूहळू त्याला हिरव्याहून निराळा स्वभाव दिला, धूर्त आणि बोलघेवडा. शाईच्या गोंधळातून एक अख्खं पात्र उभं राहिलं. तसंच त्याच्या नावाचं. १९६४ च्या एका अंकात त्याचा लेखक स्टॅन ली ब्रूस बॅनरला बॉब बॅनर लिहून बसला. वाचकांनी पत्रं धाडली, तेव्हा त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असल्याचं ठरलं. पुढे तर अशा चुकीचा पटेल असा खुलासा शोधून देणाऱ्या वाचकाला हल्कचे प्रकाशक मार्व्हलवाले बक्षीस म्हणून रिकामा लिफाफा पाठवत. लोक त्या लिफाफ्यासाठी रात्र रात्र जुने अंक चाळायचे. नियमांचं कुणाला पडलेलं नाही असं म्हणणाऱ्याने त्या वाचकांचा जरूर विचार करावा.

आणि याच्या उलट स्पायडरमॅन. १९८७ मध्ये त्याचं मेरी जेनशी लग्न झालं. वीस वर्षं वाचकांनी तो संसार पाहिला. २००७ मध्ये मरणाच्या दारातल्या काकूला वाचवायला त्याने सैतानाशी सौदा केला आणि लग्न झालंच नव्हतं असं होऊन बसलं. बंदुकीची गोळी, मरण, वियोग, काहीही चाललं असतं. ते सोसलेलं राहिलं असतं. पण झालेलंच नाही म्हटल्यावर वाचकाच्या हातात काय उरलं? म्हापशातल्या एका तरुणाने ते अंक माझ्याकडे बांधायला आणले होते. शेवटचे चार बाजूला काढून म्हणाला, "काका, हे नकोत, बाकीचे बांधा." आमच्या पावसाळ्यात पिना गंजतात, त्या मी सगळ्या काढल्या, खळीत मोरचूद घातला, आणि त्याला समजावून ते चारही अंक आत घेऊन टाके घातले. रागावलेल्या वाचकाचा राग समजतो, पण छापलेला अंक फेकून देणं म्हणजे त्या लेखकांनी केलं तेच आपणही करणं. चारही अंक त्याच्या पुस्तकाच्या शेवटी आहेत. त्यांच्या आधीचं लग्नही आहे.

तेव्हा एकच विनंती. मुलांच्या पानावर आपण जुन्या चित्रकथांबद्दल लिहिता, कधी त्यातली चित्रंही छापता. त्याखाली मूळ प्रसिद्धीचं साल आणि चित्रकाराचं नाव द्या. उडी मारणारा सुपरमॅन १९३८ चा आणि उडणारा नंतरचा, एवढं जरी छापलं तरी आमच्या मुलाला दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघता येतील. त्याची वही तयार आहे, पहिल्या पानावर त्याने सुपरमॅनची २०० मीटरची उडी नोंदवून ठेवली आहे.

आपला,
एक जुना वाचक,
पेडणे, गोवा