कृषिमंत्र्यांना खुले पत्र: पाणी आम्ही वाचवलं, अनुदान कुठाय?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

काल ठिबकच्या दुकानदाराने माणूस घरी पाठवला. बाकी व्याजासकट मागतोय. म्हणून हे पत्र.

अल्पभूधारकाला ठिबकसाठी 80 टक्के अनुदान, 55 केंद्राच्या योजनेतून आणि 25 राज्याकडून, असं मेळाव्यात सांगितलं गेलं. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर, अर्ज केला, सोडतीत नंबर लागला, पूर्वसंमती आली, बिल चढवलं. साहेब मोका तपासणीला येऊन लॅटरलच्या नळीशेजारी माझा फोटोही काढून गेले. फोटो छान आलाय. पैसे आले नाहीत. हंगाम गेला, तूर विकली, बायकोचं गंठण अजून तारणातच आहे. विचारलं की एकच उत्तर: ‘वरून निधी नाही.’ वर म्हणजे आपणच ना?

ठिबकबद्दल तक्रार नाही. मोकाट पाणी द्यायचो तेव्हा रात्री दोनला चिखलात दारं धरायची, आणि सरीच्या टोकाला पाणी पोचायच्या आत लाइट जायची. वरचं टोक तुंबलेलं, खालचं कोरडं. आता त्याच बोअरवर कापूस आणि तूर दोन्ही निघतात, तणही कमी. दुष्काळी भागात हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

पण हिशेब फक्त आमच्याकडूनच का? 1 मिलिमीटर पाणी म्हणजे हेक्टरी 10 हजार लिटर. मोकाट पाण्यावरचा ऊस 2,000 मिलिमीटरच्या घरात पितो, म्हणजे हेक्टरी 2 कोटी लिटर! ठिबकवर त्यातलं 40 टक्के तरी वाचतं. ज्वारी साडेचारशेत भागते. राज्यातल्या चारेक टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचं साठ-सत्तर टक्के पाणी ओढतो म्हणतात. आकडा इकडेतिकडे असेल, साखर कारखान्याच्या एखाद्या चेअरमनसाहेबांनी दुरुस्त करावा. उसाला ठिबक सक्तीचा निर्णय 2017 चा. सक्ती नेमकी कुणावर झाली? कालव्यावर बहुतेक ठिकाणी पाणीपट्टी अजून क्षेत्रावर, मोजून नाही. जो जास्त उपसतो, त्यालाच लिटरमागे स्वस्त. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, आणि त्याच हंगामात मराठवाड्यात उसाचं गाळपही झालं. कारखाना कुणाचा, पाणीवाटप समितीत कोण, बँक कुणाची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही मात्र सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन रांगेत.

तालुकावार यादी तारखेसह लावा: अनुदान कुणाला दिलं, कुणाचं राहिलं. आणि तिजोरीत पैसे नसतील, तर नवे अर्ज मागवणं तरी थांबवा.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक अल्पभूधारक