नाताळच्या झाडाविषयी मित्रास पत्र

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. ताऱ्यांनी भरलेले आकाश पाहून प्रॉटेस्टंट पंथाचा जर्मन प्रवर्तक मार्टिन लूथर याने घरातल्या झाडावर मेणबत्त्या लावल्या आणि तिथून नाताळच्या झाडाची प्रथा सुरू झाली, ही कथा तू तुझ्या वर्गातल्या मुलांना सांगणार आहेस, असे वाचले. कथा सुंदर आहे. परंतु लूथर १५४६ मध्ये वारला आणि या प्रसंगाचा त्याच्या हयातीतला एकही पुरावा सापडलेला नाही, म्हणून घाईने हे लिहीत आहे.

खरा पुरावा एका गावाच्या हिशेबाच्या वहीत आहे. आज फ्रान्समध्ये असलेल्या, पण तेव्हा जर्मन साम्राज्यात मोडणाऱ्या आल्सास प्रांतातील सेलेस्ता या गावाने १५२१ मध्ये वनरक्षकांना चार शिलिंग दिले, ते संत थॉमसच्या सणापासून, म्हणजे २१ डिसेंबरपासून, रानातली झाडे राखण्यासाठी. पहारा बसवावा लागला, यावरून लोक आधीपासूनच झाडे तोडून घरी नेत असावेत, असे मला वाटते. कुण्या थोर पुरुषाच्या नावापेक्षा मला ही एका ओळीची नोंद अधिक मोलाची वाटते.

झाड घरात कसे सजत असे, हे १६०५ च्या सुमारास जवळच्याच स्ट्रासबुर्गमधल्या एका अनामिक प्रवाशाने लिहून ठेवले आहे: दिवाणखान्यात उभ्या केलेल्या फर या सूचिपर्णी झाडाला रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेची मिठाई टांगलेली असे. सफरचंदे कुठून आली, याचे उत्तर बहुतेक अभ्यासक २४ डिसेंबरच्या तिथीत शोधतात. तो आदाम आणि हव्वा यांचा दिवस. त्या दिवशी होणाऱ्या नाटकात फळांनी लगडलेले नंदनवनातले झाड रंगमंचावर असे. पुढे जर्मनीतल्या लाउशा गावातल्या काच फुंकणाऱ्या कारागिरांचे काचेचे गोळे या फळांच्या जागी आले.

प्रथा पसरली मात्र सावकाश. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आले, तेव्हा ती इंग्लंडच्या घरोघरी पोहोचली. कॅथलिकांना येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा जवळचा आणि झाड प्रॉटेस्टंटांचे, ही भावना बराच काळ टिकली; व्हॅटिकनच्या चौकात पहिले झाड १९८२ मध्ये उभे राहिले.

मेणबत्त्यांचे राहिले. स्ट्रासबुर्गच्या त्या वर्णनात त्यांचा उल्लेखच नाही. फ्रान्सच्या राजघराण्यात लग्न होऊन गेलेल्या लिझेलोट या जर्मन राजकन्येने १७०८ मध्ये आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात बालपणीचा नाताळ आठवला आहे: वेदीसारखी सजवलेली मेजे, त्यांवर प्रत्येक मुलासाठी नवे कपडे, बाहुल्या, खाऊ, आणि छोट्या हिरव्या झाडांच्या फांदीफांदीवर एकेक मेणबत्ती. माहेरापासून दूर, उतारवयात तिने हे लिहिले. लूथरऐवजी मुलांना या आईचे पत्र सांगशील का?

तुझा,
माधव