पाडव्याच्या आदल्या रात्री

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेला एम ५१ या गॅलेक्सीचा फोटो बघितला, दोन-तीनदा झूम करून बघितला, खरंच भारी आलाय मर्दा. भुजा काय, त्यातले गुलाबी ठिपके काय. आणि खाली तू विचारलायस की आता छोटी स्मार्ट दुर्बीण पण आपोआप असला फोटो काढून देते, मग तू अजून अंधारात पेन्सिल घेऊन काय बसतोस. फोनवर सांगितलं असतं तर दोन वाक्यात गुंडाळलं असतं, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. निवांत वाच.

परवा फाल्गुन अमावस्या होती, म्हणजे पाडव्याच्या आदली रात्र. आपल्या ६ इंची दुर्बिणीचा मुक्काम आता कायमचा मावशीकडंच आहे, जांबोटीच्या पुढं, माडीवर भाताच्या पोत्यांशेजारी. शहापुरातल्या गच्चीवरून सिंहेचे चार मोठे तारे सोडले तर काही धड दिसत नाही आता, त्यामुळं मी दुपारची बस धरली आणि संध्याकाळी दुर्बीण मागच्या खळ्यात आणून ठेवली. तासभर आधी बाहेर ठेवावी लागते तुला माहितीच आहे, आरसा हवेएवढा थंड झाला नाही तर सगळं हलल्यासारखं दिसतं. मोबाईल बंद. टॉर्चला गणपतीच्या मखरातला उरलेला लाल जिलेटिन पेपर दोन पदरी गुंडाळलेला, कारण लाल मंद उजेडानं अंधाराला सरावलेला डोळा फारसा बिघडत नाही, पांढऱ्यानं मात्र एका क्षणात बिघडतो आणि परत अर्धा तास बसून राहावं लागतं. मावशीची स्टीलची वाटी पालथी घालून वहीच्या चार पानांवर चार गोल काढून ठेवले. तेवढा गोल म्हणजे आयपीसमधून, डोळा लावायच्या भिंगातून, दिसणारं आकाश.

सुरुवात सिंहेपासून. पूर्वा फाल्गुनीचे जे दोन तारे, त्यातला दक्षिणेकडचा धरायचा आणि तिथनं जरासं खाली सरकायचं. २५ मिलीमीटरचा आयपीस, म्हणजे ४८ पट. एम ६५ आणि एम ६६ या दोन्ही गॅलेक्सी एकदम नजरेत येतात, खिडकीच्या काचेवर कुणी श्वास सोडावा तसे दोन डाग. पूर्वी मी एवढं बघितलं की ‘दिसलं’ म्हणून पुढं जायचो. आता जात नाही. आधी आजूबाजूचे तारे मांडून घ्यायचे, हा त्या ताऱ्यापासून किती लांब, तिघांचा त्रिकोण कसा होतो, ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं. त्यात पाच-सात मिनिटं जातात आणि तेवढ्यात डोळा काम करत असतो बघ, आपल्याला कळत पण नाही. मान वर केली आणि परत आयपीसला डोळा लावला तर ६६ चा मधला भाग जास्त उजळ आहे आणि ६५ जास्त सडपातळ आहे हे आपोआप दिसायला लागलं, कुणी सांगावं लागलं नाही.

आणि तिसरी, एनजीसी ३६२८. ही त्या दोघींच्या उत्तरेला, लांबट आणि खूप फिकी, हिच्याकडं सरळ बघितलं की जाते. जरा बाजूला बघितलं की येते. डोळ्याच्या मध्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी दाटीनं असतात पण अंधारात त्यांचा उपयोग नाही, अंधारातलं बघणाऱ्या पेशी त्या मध्याच्या भोवती असतात, म्हणून ही तिरकी नजर. त्यातही एक गोष्ट मला फार उशिरा कळली, उजवा डोळा लावला असशील तर नजर उजवीकडं न्यायची, म्हणजे गॅलेक्सी नाकाच्या बाजूला राहते. उलट केलंस तर ती डोळ्यातल्या आंधळ्या ठिपक्यावर पडू शकते आणि दिसत होती ती पण गायब. शिवाय नळीला बोटानं हळूच टिचकी मारायची, हललेली फिकी वस्तू डोळ्याला पटकन सापडते. असं करत करत वीस मिनिटांत ती कागदावर आली. पेन्सिलीची पूड कागदाच्या कोपऱ्यात घासून ठेवायची, कान साफ करायच्या काडीच्या कापसावर थोडी घ्यायची आणि नुसती फिरवायची, दाबायचं नाही. रेघ काढायचीच नाही, कारण गॅलेक्सीला कुठं कड नसते, ती कुठं संपते हे तुझ्या डोळ्यावर आणि त्या रात्रीच्या हवेवर असतं.

आता तुझ्या एम ५१ बद्दल. गेल्या वर्षी मी तिचं चित्र तुला पाठवलेलं, त्यात भुजा होत्या, आठवतंय? तू फार कौतुक केलेलंस. त्या भुजा मी बघितल्या नव्हत्या रे. आयपीसमध्ये दोन धूसर गोळे होते, एक मोठा एक लहान, आणि माझ्या डोक्यात शंभर वेळा बघितलेला फोटो होता, हात आपोआप वळत गेला. काढताना मला वाटत होतं की दिसतायत. सकाळी उजेडात वही उघडली तेव्हा पोटात कसंतरी झालं. ते पान मी फाडलं नाही, त्यावर आडवी रेघ मारून ‘न बघता काढलं’ असं लिहून ठेवलंय.

हे मला एवढं का लागलं ते सांगतो. ज्याच्या यादीवरून हे ‘एम’ नंबर आले त्या फ्रेंच मेसिएला एम ५१ सापडली १७७३ साली, पण हिला भुजा आहेत हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते १८४५ साली, आयर्लंडमध्ये बर गावात लॉर्ड रॉस यांनी ७२ इंच आरशाची दुर्बीण उभी केली तेव्हा, आणि ते कळलं चित्रातूनच. असल्या फिक्या वस्तूचा फोटो काढायची सोय तेव्हा नव्हती. त्यांचा आरसा आपल्या आरशाच्या १२ पट रुंद, म्हणजे उजेड १४४ पट, आणि त्यांच्या आधी कुणीच ती चक्राकार बघितलेली नसल्यामुळं हात वळवायला डोक्यात फोटोच नव्हता. त्यांना जे दिसलं ते त्यांनी काढलं. माझ्याकडं तेवढा उजेड नाही, पण निदान तेवढा खरेपणा तरी मला ठेवता यायला पाहिजे की नाही?

तर परवा मध्यरात्रीनंतर एम ५१ उत्तरेकडं चांगली वर आली तेव्हा मी तो फोटो डोक्यातनं काढायचा ठरवूनच बसलो. सव्वा तास. १० मिलीमीटरचा आयपीस लावून १२० पटीनं बघितलं, परत ४८ वर आलो. दोन गाभे, मोठ्याभोवती मोठा धूसर गोल, आणि त्या गोलाची एक बाजू दुसरीपेक्षा जराशी उजळ, तीही पाच-सहा वेळाच, हवा स्थिर झाली की दोन सेकंद येऊन जायची. दोघांच्या मधला पूल दिसला असं मला वाटलं पण दोन वेळाच वाटलं म्हणून काढला नाही, बाजूला लिहून ठेवलं. तुझ्या फोटोशेजारी हे चित्र ठेवलंस तर काहीच नाही. पण ती उजळ बाजू माझ्या डोळ्यात सुमारे ३ कोटी वर्षांचा प्रवास करून आली आणि मी ती ओळखली, दोस्ता, मला त्याचं काय झालं हे लिहून सांगता येत नाही. मी वही छातीशी धरून थोडा वेळ नुसता बसलो.

बाकीच्या रात्रीत हस्त आणि चित्रा यांच्यामधली एम १०४ काढली, तिची मधली काळी पट्टी यावेळी पण नीट नाही आली. आणि दक्षिणेला डोंगराच्या कडेवर सेंटॉरस ए, एनजीसी ५१२८. ही बघायला तरी तू ये. आपल्याकडनं ती सगळ्यात वर येते तेव्हा सुद्धा ३१ अंशच असते, पण पॅरिसमधून ती उगवतच नाही, त्यामुळं बिचाऱ्या मेसिएच्या यादीत ती नाही. जेम्स डनलॉपनी १८२६ ला ऑस्ट्रेलियातून शोधली. गोल भाकरी मधोमध मोडावी तशी दिसते, दोन अर्धुकं आणि मधे काळी फट. ती फट मी खोडरबराच्या कोपऱ्यानं काढली, एकाच ओढीत, हात थरथरत होता. रस्त्याकडच्या एका नवीन रिसॉर्टचा फ्लडलाईट त्याच बाजूला आहे, रात्रभर चालू, कुणासाठी देव जाणे. दोन वर्षांत ती बाजू पण जाईल या भीतीनं मी दक्षिणेचं आता आधी उरकून घ्यायचं ठरवलंय.

साडेतीनला मावशी उठली, पुरणाची डाळ शिजत घालायची होती तिला. दारात उभी राहून म्हणते, “रातभर काय बघूलालास रे, अस्वल-बिस्वल येईल की.” मी तिला आणून बसवलं आणि एम १०४ दाखवली, ती पश्चिमेला कलली होती पण होती. “काही नाही रे, नुसतं काळं आहे.” मग मी लाल टॉर्चमध्ये तिला वहीतलं चित्र दाखवलं, हे तीन तारे बघ एका ओळीत, त्यांच्या या बाजूला हे असं आडवं, तांदळाच्या दाण्यासारखं. परत डोळा लावला तिनं. बराच वेळ गप्प. मग एकदम माझं मनगट धरलं आणि कुजबुजली, “व्हय की रे, आहे की.” आणि मग चुलीवरची डाळ विसरून अजून पाच मिनिटं हलली नाही.

तुझा फोटो दाखवला असता तर ती छान म्हणाली असती आणि आत गेली असती.

सोबत एम ५१ चं चित्र पाठवतोय, मूळ पान, झेरॉक्स नव्हे, घडी करू नको, पूड उडते. चैत्र अमावस्येला दोन दिवस काढून ये. कन्येतल्या एम ८७ च्या आसपास एकाच रात्रीत किती गॅलेक्सी सापडतात ते दोघं मिळून बघू, एम ८७ चा उजेड निघाला तेव्हा आपल्या बेळगावाखालचा काळा दगड थंड होऊन कोटभर वर्षंच झाली होती. तू कॅमेरा आणलास तरी चालेल पण पहिला तास आयपीसवर बस, तुझी वही मी आणून ठेवतो. येताना तिकडनं ४बी च्या दोन चांगल्या पेन्सिली आण, इथं मिळतात त्या ओरखडतात. आणि कॅम्पातनं कुंदा मी घेतो, मावशीनं तुझ्यासाठी आठवणीनं सांगितलंय.

तुझाच