उरलेली गोष्ट

ॲशबर्न, व्हर्जिनिया
14 सप्टेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

गणपतीचे फोटो मिळाले. मखर या वर्षीही दादानेच केलंय हे विचारावं लागलं नाही, डावीकडे कललेलं आहेच.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा दोनदा "हं, बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून पत्र. आई, तूच मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

ईशान शाळेच्या फुटबॉल संघात गेल्यापासून आईचा एकच प्रश्न आहे, "तो बॉलला हात तरी लावतो का?" मी अर्धा तास समजावलं आणि शेवटी माझाच गोंधळ झाला. बाबा, तुम्हाला मात्र एका वाक्यात कळेल. तो तुमच्या कबड्डीसारखा कोपरा खेळतो. त्या जागेचं इथलं नावही तेच, कॉर्नरबॅक.

हा अमेरिकन फुटबॉल पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात. लांबट चेंडू, अकरा-अकरा गडी, शंभर यार्डांचं मैदान. समोरचे चेंडू फेकत पुढे सरकणार आणि तो झेलायला जो पळेल त्याला कोपऱ्याने आवरायचं. पंचाईत अशी की कुठे वळायचं हे पळणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, कोपऱ्याला नसतं. म्हणून कोपरा सुरुवातीला उलट्या पावलांनी पळतो, तोंड समोरच्याकडे ठेवून. आणि बघायचं त्याच्या कमरेकडे. डोळे, खांदे, हात सगळे हुलकावणी देतात, कंबर देत नाही. हे ईशान मला मोठ्या ऐटीत सांगत होता तेव्हा मला आपलं अंगण दिसलं. "तोंडाकडे बघू नकोस रे, तो तोंडाने कबड्डी म्हणतो आणि कमरेने जातो," असं तुम्ही दादाला ओरडून सांगायचात.

कबड्डीत कोपऱ्याच्या हाताला साखळीचा हात असतो. इथे बऱ्याचदा तो एकटाच. मागे 'सेफ्टी' नावाचा एक गडी असतो, पण तो वेळेवर पोचेलच असं नाही. चुकला की सगळं मैदान बघतं. आणि आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: चेंडू त्याच्याकडे फेकायची समोरच्याची छातीच झाली नाही, तर त्याचं काम सगळ्यात चोख झालं. त्यामुळे मी दोन तास उन्हात बसून मुलाला काहीच न करताना बघते आणि प्रशिक्षक त्याची पाठ थोपटतात.

"एवढासा जीव, त्या रेड्यांमध्ये कशाला?" हा तुझा दुसरा प्रश्न. त्याला ईशानने भिंतीवर उत्तर चिकटवलंय: डॅरेल ग्रीन. वॉशिंग्टनच्या संघाचा कोपरा, उंची पाच फूट आठ-नऊ इंच, वजन जेमतेम 84 किलो. या खेळात म्हणजे किरकोळच. (त्या संघाचं जुनं नाव इथल्या मूळ रहिवाशांना हिणवणारं होतं. 2020 मध्ये ते टाकलं, आता कमांडर्स म्हणतात. त्यांचं सरावाचं मैदान आमच्याच गावात, घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून हे वेड जरा जास्तच.)

ग्रीन ह्यूस्टनचा, टेक्सासमधल्या एका फारशा नावाजलेल्या नसलेल्या कॉलेजातला. इथे संघ दर वर्षी कॉलेजांतून नवे खेळाडू निवडतात. 1983 च्या त्या निवडीत पहिल्या फेरीत 28 नावं पुकारली गेली, त्यात याचं अठ्ठाविसावं. त्याने पाठीवर आकडाही 28 च घेतला. पहिलाच सामना डॅलसविरुद्ध. डॅलसचा टोनी डॉर्सेट चेंडू घेऊन सुटला, समोर मोकळं रान. ग्रीन मैदानाच्या पार दुसऱ्या बाजूला होता. तिथून तिरपा पळत त्याने डॉर्सेटला 77 यार्डांवर, रेषा हाताशी आली असताना, मागून गाठलं. सामना वॉशिंग्टन एका गुणाने हरलं, पण लोकांना आठवतो तो पाठलाग.

पुढे वीस हंगाम, सगळे एकाच संघात. हवेतून हिसकावलेले 54 चेंडू, आणि सलग 19 हंगामांत दर वर्षी निदान एक, हा विक्रम. थांबला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. ज्या खेळात बहुतेकांचं तिशीच्या आतच आटोपतं, त्यात हे. 2008 मध्ये ओहायोतल्या कँटनला, या खेळाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये, त्याचा पुतळा बसला, आणि गेल्या वर्षी संघाने 28 हा आकडाच बंद केला. ईशानला शाळेत तो हवा होता, दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. दोन दिवस जेवला नाही नीट.

आता मुद्द्याचं.

ईशान एक चित्रफीत रोज बघतो. 10 जानेवारी 1988, शिकागो, हाडं गोठवणारी थंडी, बाद फेरी, दोघांचे चौदा-चौदा. शिकागोने लाथेने उंच उडवलेला चेंडू ग्रीनने झेलला आणि निघाला. एक जण आडवा आला, त्याच्यावरून उडी मारली, आणि त्या उडीत याच्या बरगडीचा कूर्चा फाटला. थांबला नाही. बरगडी हाताने दाबून धरत 52 यार्ड पळाला आणि रेषा ओलांडली. वॉशिंग्टन 21-17 ने जिंकलं. पुढच्याच आठवड्यात मिनेसोटाविरुद्ध अगदी शेवटी, रेषेच्या तोंडाशी, याच गड्याने समोरच्याच्या हातातून चेंडू निसटवला, आणि महिनाअखेर सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामनाही त्यांचा. तिथे समोर होता जॉन एल्वे, त्या 1983 च्या निवडीत पहिलं नाव पुकारलेला.

मीही ती चित्रफीत बघते. ईशानला उडी दिसते, मला बरगडीवरचा हात दिसतो.

गेल्या बुधवारी हा डाव्या हाताने चमचा धरून वरणभात खात होता. तुमचा नातू, जो ताटात कोपरापर्यंत हात घालून कालवतो. बघितलं तर उजव्या हाताचं मधलं बोट जांभळं. चार दिवस झाले होते. बोटांना पट्टी गुंडाळून सराव करत होता, प्रशिक्षकांनाही पत्ता नाही. मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा सुजलेल्या गुडघ्याने फायनल खेळले होते."

बाबा, ही गोष्ट तुम्हीच त्याला गेल्या दिवाळीत सांगितलीत, व्हिडिओ कॉलवर. गुडघा भोपळ्याएवढा, हळद-चुना लावून वर फडकं बांधलं, आणि शेवटच्या चढाईत घोटा धरून गडी बसवला. सांगताना तुम्ही खुर्चीतून अर्धे उठला होतात. मलाही मजाच आली ऐकायला, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही चषक घेतलात आणि गोष्ट संपवलीत.

उरलेली गोष्ट आईने मला सांगितली आहे. त्यानंतर तुम्ही एकही सामना खेळला नाहीत. वय अठ्ठावीस. दीड महिना खाली बसता येत नव्हतं, एसटीच्या पायऱ्या चढताना दांडी दोन्ही हातांनी धरायचात, आणि मी सहा महिन्यांची असताना मला उचलून उभं राहता येत नाही म्हणून पलंगावर बसून घ्यायचात. आता तोच गुडघा बदलायचा आहे आणि तुम्ही दिवाळीनंतर, दिवाळीनंतर करत तिसरी दिवाळी आणलीत.

ग्रीनची गोष्ट माझ्या कामाची नाही, हीच अडचण आहे. तो बरगडी धरून पळाला, बरा झाला आणि आणखी पंधरा हंगाम खेळला. मुलाला मी त्यातून काय सांगणार?

आई, पुढच्या काही ओळी मनात वाच, मग ठरव मोठ्याने वाचायच्या की नाही. त्या दिवशी शिकागोच्या बाजूला डेव्ह ड्युअरसन नावाचा सेफ्टी होता. तोही 1983 च्याच निवडीतला. ग्रीनला 1996 चा 'मॅन ऑफ द इयर' हा समाजकार्यासाठीचा पुरस्कार मिळाला, ड्युअरसनला 1987 चा. ग्रीन आज हसतमुख आजोबा शोभेल असा दिसतो. ड्युअरसनने 2011 मध्ये, पन्नाशीत, स्वतःला संपवलं, आणि माझा मेंदू तपासायला द्या असं सांगून ठेवलं. तपासला, तर वर्षानुवर्षांच्या ठोकरांनी झिजलेला निघाला. जागा जवळपास तीच, पिढी तीच. कुणाचं काय होईल हे आधी कळत नाही.

तरीही संमतीपत्रावर सही मीच केली. या राज्यात डोक्याला मार लागल्याचा संशय आला तरी मुलाला त्या दिवशी परत मैदानात सोडत नाहीत, कायदाच आहे. पण मुलाने सांगितलं तरच पुढचं. सगळा कायदा याच्या तोंडावर टांगलेला, आणि हा तोंड उघडत नाही. मी बोलले की "आई, तुला खेळातलं कळत नाही." हे मात्र खरं आहे.

तुम्हाला कळतं. त्याला खेळू नकोस म्हणून सांगू नका, तसं तुम्हाला जमणारही नाही. फक्त गोष्ट पुढे न्या. चषकाच्या पुढचं सांगा. पायऱ्या, पलंग, सगळं. आणि जमलं तर पायजमा वर करून गुडघा दाखवा.

शनिवारी आमचे सकाळचे अकरा, तुमचे रात्रीचे साडेआठ. मी फोन त्याच्या हातात देऊन बाहेर जाईन. आई, तू यांच्या शेजारीच बस. "पण काय पकड होती ती!" असं सुरू झालं की चिमटा काढ.

तुमची
मनू

ता. क. बोट मोडलेलं नाही, मुरगळलंय. तीन आठवडे खेळ बंद. दाराशी बसून बाकीच्यांचा सराव बघतो आणि कोण कुठे चुकलं ते मला रात्री जेवताना सांगतो. अगदी तुमच्यासारखं.