बाई, मानशीवरच्या त्या रेघांसाठी

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

बदली होऊन तुम्ही आमचं गोव्यातलं चोडण बेट सोडलंत, तेव्हा फेरीच्या धक्क्यावर धड बोलताही आलं नाही. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

आमच्या वेळी पर्यावरण म्हणजे चित्रकलेच्या वहीतलं झाड आणि परीक्षेपुरती पाठ केलेली पाच कारणं. हा विषय सक्तीचा करा असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं होतं, हे मला तुमच्याकडून कळलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हाही आमच्या घरात चर्चा झाली ती वीज कधी येणार एवढीच.

तुम्ही शाळेच्या मुलांना खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतांत नेलंत. मानशीच्या, म्हणजे बांधात पाण्यासाठी ठेवलेल्या दाराच्या, चिऱ्यांवर बोटबोटभर अंतराने तेलरंगाच्या रेघा मारून घेतल्यात आणि अमावास्या-पुनवेला भरती कुठवर चढते ते वहीत लिहायला लावलंत. १९०१ ते २०१८ या काळात जगातला समुद्र सरासरी सुमारे २० सेंटीमीटर चढला, म्हणजे जवळपास एक वीत, हे लेकीने मला चिऱ्यावर माझीच वीत टेकवून दाखवलं.

"मग तुमच्या दोन वर्षांच्या आकड्यांतून काय कळणार?" मी विचारलं.

"समुद्राचं नाही कळणार, असं बाईच म्हणाल्या. पण मानशीचं कळेल."

आणि कळलंच. भरतीच्या रेट्याने दार मिटायला हवं, ओहोटीला आपसूक उघडायला हवं. आमचं खालून कुजलेलं, खारं पाणी खुशाल आत येत होतं. त्या बांधावरून मी कितीदा गेलो असेन!

खरं सांगतो, ती शेतं मी मनातून सोडलीच होती. पणजीत नोकरी, कोरगुटाला, म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या त्या भाताला, उतारा कमी, चिखलात उतरणार कोण? आत वाढलेली खारफुटी पाहून 'निसर्ग परत आला' असंही मी पाहुण्यांना ऐटीत सांगायचो. बांधाबाहेरची खारफुटी लाटा अडवते, आतली मात्र शेत टाकल्याची खूण, हा फरक मला दहा वर्षांच्या पोरीकडून शिकावा लागला.

कुळांच्या बैठकीत तीच वही हातोहात फिरली. भाषणं तिथे पूर्वीही पुष्कळ झाली होती, आकडे पहिल्यांदाच आले. चैत्रात नवं दार बसलं. वर्गणीला कुरकुर करणाऱ्यांत मीही होतो, ते असो.

परवाच्या पुनवेला लेक तापाने फणफणली होती, म्हणून नोंद करायला मी गेलो. अकराव्या रेघेच्या किंचित खाली. वही तुमच्या हाती येईल तेव्हा अक्षर बघून रागावू नका.

तुमचा,
चोडणचा एक पालक