चि. बाळूस, छाटणीच्या दिवसांत

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू चहा न घेता पहाटेच्या गाडीने गेलास, त्याच दिवशी हे पत्र लिहायला घेतलं होतं. फवारणीच्या वहीचं मागचं पान फाडलं, तारीख टाकली आणि तेवढ्यात पेठकडची मजुरांची टोळी आली. आज अकरावा दिवस. कामं वेळच्या वेळी करावीत हे सांगायला बसलेल्या बापाचं पत्र ११ दिवस कपाटावर पडून होतं, म्हणून तुझी आई हसतेय. हसू दे.

परीक्षेच्या फॉर्मबद्दल काही लिहिणार नाही. शेवटच्या रात्री पावणेबाराला पैसे अडकले, तू सांगितलंस, मी मानलं. पण बाळू, २१ दिवसांची मुदत होती. फोटो आणि सही चढवायला दहा मिनिटं लागतात, असं तूच काकीला सांगत होतास. आणि मुदत गेल्यावरही आईला फोनवर "भरला" म्हणालास. आम्हाला कळलं ते नानाकाकाच्या धाकट्याकडून. बघ, लिहिणार नाही म्हणालो आणि अर्धं पान त्यातच गेलं.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. त्या रात्री जेवताना मी म्हणालो, "तू नानाच्याच वळणावर चाललायस." तू ताट सरकवलंस. काकी मागच्या ओट्यावर भांडी घासत होती, तिनेही ऐकलं. मी दोघांचाही अपराधी आहे. नाना कधी आळशी नव्हता.

फयान वादळ आठवतंय का? २००९चा नोव्हेंबर. द्राक्षबाग फुलोऱ्यात आणि वरून दोन दिवस पाऊस. मी म्हणालो, चिखलात ट्रॅक्टर फसेल, सकाळी उघडीप बघून फवारू. नानाने रात्रीच फवारणीचा एचटीपी पंप सुरू केला. हातात नळी घेऊन ओळीमागून ओळ चालत राहिला, आणि बॅटरी धरायला तू. जेमतेम दहा वर्षांचा असशील. पहाटे तुला खांद्यावर टाकून घरी आणलं, तेव्हा तुझे कपडे औषधाने पांढरे झाले होते आणि तुझी आई त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या बागेत पानांवर तेलकट डाग उठले, मग डावण्या रोग घडात शिरला. एकदा घडात शिरल्यावर औषधाचा उपयोग काय? बांधापलीकडे नानाची बाग उभी होती. माझी एक रात्र चुकली आणि वर्ष गेलं. त्याने मात्र मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही.

असा माणूस पुढे बँकेची पत्रं उघडेनासा झाला. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरून नवं-जुनं करायचं असतं, नाहीतर व्याजाची सवलत जाते. एक वर्ष राहिलं. पुढच्या वर्षी सेक्रेटरीसमोर जायची लाज वाटली, म्हणून पुन्हा राहिलं. मी विचारलं की म्हणायचा, "बघू ना, द्राक्षं उतरू दे." तो गेल्यावर काकीने गादी उचलली तर खाली पाकिटं, एकही फोडलेलं नाही. शेतात राबायला तो कधी थकला नाही, पण पाकीट फोडायला त्याचा हात उचलत नव्हता. मला हे कळायला फार उशीर झाला. मी त्याला "कामं ढकलतोस" म्हणून बोलत राहिलो आणि तो माझ्यापासूनही लपवत राहिला.

आता तूही "बघू ना" म्हणतोस, तेही त्याच्याच आवाजात. म्हणून तोंडातून ते गेलं. दुपारी दोनला फोन केला तर तुझा आवाज झोपेतला असतो, रात्री दोनला तू ऑनलाइन दिसतोस. ही पाळत नाही रे, मला झोप येत नाही म्हणून मोबाईल बघतो. मला एवढंच खरं सांग, तुझ्या गादीखाली काही आहे का? आणखी एखादी राहून गेलेली तारीख, मेसचे पैसे, कुणाची उसनवारी, काहीही. मी ओरडणार नाही. ओरडलो तरी लगेच थांबेन. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर सकाळची वाट पाहू नकोस, रात्री-अपरात्री फोन कर, गाडी काढून येतो.

कालपासून वरच्या प्लॉटची गोडी छाटणी, म्हणजे घडांसाठीची, लागली. मुकादमाने जोडीला चार-चार ओळी वाटून दिल्या. टोळीत एक पोरगं नवीन आहे, अडीच एकराच्या मांडवाकडे बघत उभंच राहिलं. मुकादम ओरडला, "मांडव नको बघू, काडी बघ." सगळा प्लॉट आम्ही एका दिवशी छाटत नाही, तुला माहीत आहे. छाटल्यावर एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना फुटीची पेस्ट लागली पाहिजे, नाहीतर फूट मागेपुढे निघते आणि मग घड औषधात बुडवायच्या डिपिंगपर्यंत सगळंच विस्कटतं. म्हणून पेस्टला जेवढे हात पुरतील तेवढंच आदल्या दिवशी छाटायचं. आणि तू? तुझ्या खोलीत भिंतीवर रंगीत पेनांनी लिहिलेलं १६ तासांचं वेळापत्रक मी पाहिलंय. "४:३० उठणे." तिसऱ्या दिवशी ते मोडतं, मग तुला स्वतःचा राग येतो, मग आठवडा वाया. सहाच तास लिही, पण झेपतील असे. जे नकोसं वाटतं ते सकाळी आधी, मोबाईल हातात घ्यायच्या आधी. सरकारची शेवटची तारीख काहीही असो, आपली तारीख आठ दिवस अलीकडची. घाईही नको, सप्टेंबरात छाटणाऱ्यांच्या बागा पावसात सापडतात. पण थंडी पडेपर्यंत थांबलं तर डोळे फुटता फुटत नाहीत, हेही तू बघितलंयस. शिवाय रोज झोपताना

हे काय, मी तर व्याख्यानच लावलं. माफ कर. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. नववीत असताना तू २०० लिटरच्या टाकीला कुठलं औषध किती, असा तक्ता करून पंपाच्या खोलीच्या दाराला चिकटवला होतास. कडा उंदरांनी खाल्ल्यात, पण टोळीतला मुकादम अजून तोच बघतो. परवा औषधाच्या दुकानदाराला दाखवायला मी त्याचा फोटो काढला. "पोराने केलाय," म्हणालो, तर त्याने विचारलं, पोरगं सध्या काय करतं. मी म्हणालो, पुण्याला अभ्यास करतं. पुढे काही विचारलं नाही त्याने, बरं झालं.

परीक्षा पुढच्या वर्षी दे, नाहीतर देऊ नकोस. शेती करायची म्हणालास तरी चालेल. तेवढं उन्हाळ्यात ठरवू. उन्हाळ्यात म्हणजे नक्की कधी, हे तू विचारशील. खरड छाटणीच्या आधी, एप्रिल लागायच्या आत. लिहून ठेवतो.

काकीने तुझ्यासाठी अनारशाचं पीठ भिजवलंय. ती म्हणाली, त्याला सांगा, मला राग नाही आला, नाना त्याचाही होता. हे तू तिच्याशीच बोल. मला ते नीट सांगता येत नाही.

बायका पेस्टचं औषध मागताहेत, हातमोजेही काढून द्यायचेत. थांबतो. पत्र कुणाच्या गाडीने न पाठवता आजच पोस्टात टाकतो, म्हणजे तू शांतपणे वाचशील.

तुझे,
अण्णा

ता. क. मी आई. ह्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन द्राक्षं उतरली की करायचं होतं. तीन हंगाम उतरले. तू दिवाळीला आलास की तूच तारीख घेऊन ये, तुझं ऐकतील. चिवड्याचा डबा वेगळा पाठवतेय. आणि फोन उचलत जा.